नववी पुकार

शंका आली तर लाल समजायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. सिग्नल मिणमिणता दिसला, धुरकट दिसला, पिवळा की हिरवा असा प्रश्न पडला, तर तो लाल आहे असं धरून गाडी उभी करायची. विचार नंतर. मी, हर्षदा धांडे, एकोणीस वर्षं मालगाडी चालवते आणि या धड्याने माझा स्वभावच तसा करून टाकलाय. दूधवाल्याने स्वतःहून दुधाचं कौतुक केलं की मी पातेलं उजेडात नेऊन बघते. गिरीश म्हणजे माझे यजमान. ते सांगतात की बोहल्यावर अंतरपाट दूर व्हायच्या आधीच मी वाकून, समोर उभा आहे तो ठरवलेलाच मुलगा आहे ना, याची खात्री करून घेतली होती. खोटं नाही ते.

दुसरा धडा पुकारण्याचा. इंजिनात आम्ही दोघं असतो, पायलट आणि सहायक. एकाने सिग्नल बघून, हात करून, मोठ्याने म्हणायचं, "होम, पिवळा." होम म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल. दुसऱ्याने स्वतः बघून तेच परत म्हणायचं. शब्द जुळले की ते पक्कं. दोघांनी लाल म्हटलं तर कंट्रोलमध्ये बसलेला साहेबसुद्धा ती गाडी हलवू शकत नाही. हल्ली तिसरीही असते, यंत्राचा आवाज. आम्ही तिला 'मावशी' म्हणतो. मावशी पुकारते, आम्ही परत म्हणतो, आणि आमचे शब्द नोंदले जातात. ही सवय हाडीमाशी इतकी मुरते की घरात गिरीशनी "मीठ कमी" म्हटलं की माझ्या तोंडून "मीठ कमी" निघून जातं. मीठ वाढायचं मात्र राहतं.

आता मुद्द्याची गोष्ट, जी सांगायला मला एकोणीस वर्षं लागली. मला लघवी धरवत नव्हती.

भुसावळहून बुटीबोरीपर्यंत नव्या मालमार्गाने नऊ तास लागतात. आमच्या 'वेगवाहिनी' कंपनीच्या इंजिनात शौचालय आहे, जाहिरातीत त्याचा फोटोही आहे. पण ते वापरायला गाडी उभी करावी लागते, आणि गाडी उभी केली की नोंदीत 'कारण' नावाचा रकाना भरावा लागतो. ते कारण मोकळ्या वायरलेसवर कंट्रोलला सांगायचं, कंट्रोलने ते परत म्हणायचं, आणि मार्गावरच्या सगळ्या इंजिनांनी ऐकायचं. त्या रकान्यात खरं कारण कुठल्याच बाईने कधी लिहिलं नाही. आम्ही लिहायचो, 'गुरं आडवी आली.' मलकापूर ते शेगाव या पट्ट्यात कागदोपत्री जितकी गुरं आहेत तितकी साऱ्या जिल्ह्यात नसतील.

बहुतेक वेळा मात्र आम्ही थांबायचोच नाही. पाणी प्यायचं नाही आणि धरून ठेवायचं. चाळिशी आली तेव्हा माझी अशी गत झाली की दर वीस मिनिटांनी कळ यायची. वरणगावची पाण्याची टाकी दिसली की हमखास, कारण तिथून घर जवळ. मी मोठ्या माणसांचे डायपर लावून तीन हजार टनांची गाडी हाकत होते. जगात याहून मोठी लाज नाही असं मला वाटायचं, आणि ती मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. त्यांना ते कपाटातल्या पुड्यावरून कळलं.

गिरीश ठिबकवाले. केळीच्या बागांना पाण्याचे व्हॉल्व्ह बसवणं, जमिनीत ओल मोजणारे खिळे पुरणं आणि घरी बसून फोनवरून दहा गावांचं पाणी उघडणं-मिटणं हा त्यांचा धंदा. त्यांनीच मला जळगावच्या डॉ. अरुंधती सबनीस यांच्याकडे नेलं.

डॉक्टरीणबाई शांतपणे समजावून सांगणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, मूत्राशयाचा स्नायू बिचारा हुकमाचा ताबेदार आहे, घोटाळा आहे तो बातमी देणाऱ्यांचा. पाठीच्या कण्याशेजारी संवेदना वाहणाऱ्या पेशींची घरं असतात आणि प्रत्येकीचा एक लांब धागा मूत्राशयाच्या अस्तरापर्यंत पोचलेला असतो. त्यात दोन जाती. जाडसर धागे मूत्राशय ताणलं की कळवतात, 'भरत आलंय.' बारीक धागे एरवी झोपलेले असतात. जंतू शिरले, आग झाली, इजा झाली, तरच ते उठून बोंब मारतात. पण माणसाने वर्षानुवर्षं धरून ठेवलं, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग झाला, की हे बारीक धागे चाळवतात आणि परत झोपायचं विसरतात. मग कपभर लघवी साठली तरी बोंब, नळाचा आवाज आला तरी बोंब. मेंदू बिचारा खरं मानतो आणि स्नायूला हुकूम देतो.

"म्हणजे खोटी ओल दाखवणारा खिळा," गिरीश म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. डॉक्टरीणबाईंना ही उपमा फार आवडली.

उपाय नवा होता, नाव 'निवांत'. आधी एक इंजेक्शन. त्यातून त्या पेशींना एक असं प्रथिन बनवायला शिकवायचं जे प्रकाश पडला की पेशीला गप्प करतं. मग मूत्राशयाभोवती रबरासारखा मऊ पट्टा बसवायचा. तो पट्टा भरणं मोजतो, आणि त्याच्या आत केसाएवढे दिवे असतात. मूत्राशय रिकामं असताना बारीक धाग्यांनी बोंब मारली तर पट्टा ओळखतो की हाक खोटी आहे, दिवा लावतो आणि हाक तिथेच विझते. खरी हाक मेंदूपर्यंत जाऊ देतो. आग-जळजळ सतत राहिली तर तीही जाऊ देतो.

कंपनीने ही शस्त्रक्रिया सगळ्या पायलट बायकांना फुकट देऊ केली. फुकट म्हटल्यावर माझा दिवा लगेच पिवळा झाला. पण वीस मिनिटांच्या कळेने माणूस इतका पिचतो की पिवळ्यालाही हिरवा म्हणतो. माझी सहायक नजमा तडवी म्हणाली, "हर्षाताई, मी तर करून घेऊन राहिली. तू तुझी शंका सांभाळत बस." महिन्याभरात आम्ही दोघींनीही करून घेतली.

पहिले सहा महिने सोन्याचे गेले, ते मी नाकबूल करणार नाही. दर तीन तासांनी एक साधी, शहाणी हाक यायची. मी गिरीशबरोबर नाटक बघितलं, मधल्या ओळीत मधल्या खुर्चीत बसून. पाणी पोटभर प्यायले. इंजिनातही गाडी उभी करून जाऊन यायचे, आणि रकान्यात गुरं घालायचे. तेवढी लाज अजून उरली होती.

मग मार्चमध्ये इंजिनांचं सॉफ्टवेअर बदललं. मावशीचा आवाज अधिक गोड झाला आणि गाडी सुटण्याआधीची पुकारायची यादी वाढून अकरा गोष्टींची झाली. सकाळी सात-दहाला ती यादी सुरू होते. ब्रेक पाइप, पाच किलो. पँटो, वर. हेडलाइट, चालू. वाळू, भरलेली. मी परत म्हणत म्हणत केस बांधते, डबा जागेवर ठेवते, चष्मा पुसते. एकोणीस वर्षांत हजारो वेळा म्हटलेल्या गोष्टी, त्यांना डोकं लागत नाही.

एप्रिलच्या मध्यावर मला शंका आली ती बुटीबोरीच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीघरात. नऊ तास झाले होते, मला एकदाही हाक आली नव्हती. नुसती सवय म्हणून आत गेले, आणि जाणं संपेचना. नजमा बाहेरून विचारत होती, "काय वं, झोपली का आत?" पोटात दुखलं नव्हतं, जड वाटलं नव्हतं, काहीच वाटलं नव्हतं. मला त्या काहीच न वाटण्याची भीती वाटली.

दुसऱ्या खेपेला मी स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं बॅगेत टाकून नेलं. आठशे वीस मिली भरलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की चारशेच्या आसपास हाक यायलाच हवी. सुट्टीच्या दिवशी घरी मोजलं, बरोबर तीनशे ऐंशीला हाक आली. पुन्हा ड्यूटी, सातशे नव्वद, हाक नाही. पुन्हा घर, चारशेला हाक. पट्टा तोच, पोट तेच, बाई तीच. म्हणजे मी इंजिनात असले की कुणीतरी खरी हाकसुद्धा विझवत होतं.

नजमाला सांगितलं तर ती हसली. तिच्या मते मी देवाने सुख दिलं तरी त्याची पावती तपासणारी बाई होते. तिलाही नऊ तास काही वाटत नव्हतं आणि त्याचा तिला आनंद होता. त्या दिवशी तिचे डोळे लाल होते आणि सत्तेचाळीस डिग्रीच्या उन्हात तिने अंगाभोवती ओढणी गच्च लपेटली होती. तिने सांगितलं की जरा कणकण आहे. मी विचारलं, लघवीला जळजळतंय का? तिने डोकं हलवलं, अजिबात नाही. मी ते मानलं. माझ्या संशयी स्वभावाने नको तिथे दांडी मारली ती तेव्हा.

तीन दिवसांनी नजमा मूर्तिजापूरजवळ खुर्चीतच कलंडली. मी गाडी उभी केली आणि वायरलेसवर डॉक्टर मागितला. मूत्राशयात आठवडाभर जंतू माजले होते, तिथून किडनीत चढले, तिथून रक्तात उतरले. अकोल्याच्या डॉक्टरांना कोडं पडलं होतं की इतका संसर्ग होऊन या बाईला जळजळ कशी नाही झाली. तेरा दिवस ती अतिदक्षता विभागात होती. जगली, पण एक किडनी कामातून गेली. तिची आई माझा हात धरून विचारत होती की ती तुझ्यासमोर बसलेली असताना तुला कसं कळलं नाही.

मी जळगावला गेले आणि मापाच्या भांड्याचे आकडे डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी मला जे सांगितलं ते आधी सांगायला हवं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरही दिसत होतं.

पट्ट्यात दिव्यांच्या दोन रांगा होत्या. पहिली रांग बारीक धाग्यांची खोटी बोंब विझवणारी. दुसरी रांग सगळंच गप्प करणारी, जाड धाग्यांची खरी हाकही आणि बारीक धाग्यांची आगीची वर्दीही. ती एखाद्या शस्त्रक्रियेपुरती, तासाभरासाठी ठेवलेली होती. तासन्‌तास लावली तर नंतर जाड धागे लगेच उठायचे, पण बारीक धाग्यांना उठायला दोन-दोन दिवस लागायचे, आणि नजमाने त्या आठवड्यात एकही सुट्टी घेतली नव्हती. तिला कुलूप होतं, आणि किल्ली होती रुग्णाची स्वतःच्या आवाजातली संमती.

"दर वेळी नव्याने द्यावी लागते," त्या म्हणाल्या. "तुमच्या आवाजाशिवाय जगात कुणीही ती रांग लावू शकत नाही. मीसुद्धा नाही."

"मी कधीच दिली नाही."

"मग कुणीतरी तुमचा आवाज वाजवत असेल. तुमचा आवाज ज्याच्याजवळ आहे असं कुणीतरी."

यंत्राच्या नोंदी मागवायला त्यांनी अर्ज करते म्हटलं, महिना लागणार होता. मी परतीच्या बसमध्ये बसले आणि माझ्या डोक्यात एकच नाव घोळत राहिलं. मला त्याची शरम वाटत होती, तरी ते जात नव्हतं.

कारण गेल्या काही दिवसांत गिरीशचा फोन मला खटकत होता. मी खोलीत आले की ते पडदा बंद करायचे. जेवताना घड्याळाकडे, मग फोनकडे, मग माझ्याकडे बघायचे. शस्त्रक्रियेची घाई त्यांचीच होती. डायपरचा पुडा बघितल्यापासून त्यांच्या बोलण्यात एक दया आली होती, आणि मला ती झोंबायची. आणि दहा गावांचं पाणी उघडणं-मिटणं ज्याला बोटाच्या टोकावर जमतं, त्याला घरातला एक व्हॉल्व्ह काय जड होता? बायकोला त्रास नको, गाडी वेळेवर पोचावी, नोकरी टिकावी, अशा प्रेमापोटीसुद्धा माणसं भलतं करतात. असलं प्रेम मला जास्त संशयास्पद वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला घरी आले. भरीत-भाकरी वाढली आणि म्हटलं, फोन दाखवा.

त्यांनी घास ताटात ठेवला, हात धुतला आणि फोन उघडून माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर माझं नाव होतं, खाली एक निळी रेघ आणि तिच्यावर काळे ठिपके. निळी रेघ म्हणजे माझं मूत्राशय किती भरलंय ते. ठिपका म्हणजे हाक मेंदूपर्यंत गेली ती वेळ. शस्त्रक्रियेनंतर घरच्यांसाठी आठवडाभर दिलेली ही सोय होती. ती काढून टाका असं मी तेव्हा बजावलं होतं, आणि काढली असं त्यांनी मला सांगितलं होतं.

माझ्या पोटातली लघवी माझा नवरा आठ महिने फोनवर बघत होता. मला इतका राग आला की क्षणभर डोळ्यांपुढे काही दिसेना. मी त्यांना नको ते बोलले. म्हटलं, मी काय केळीचा वाफा आहे? आणि दुसरी रांगही तुम्हीच लावता, माझा आवाज टेप करून.

"तू विचारून राहिली की ठरवून राहिली?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण चेहरा पडला होता. "बघत होतो, ते कबूल. काढलं म्हणून खोटं सांगितलं, तेही कबूल. भीती वाटायची मला. तू नऊ तास तिकडे, पाणी न पिता, आणि विचारलं की म्हणणार काही नाही. पण हात नाही लावला कशाला. लावता येतच नाही यातून, फक्त दिसतं. नीट बघ."

मी बघायला तयार नव्हते. त्यांनीच बोट ठेवून दाखवलं. घरच्या दिवसांवर ठिपके होते, नीट, तीन-तीन तासांनी. ड्यूटीच्या दिवसांवर रेघ चढत जायची, सहाशे, सातशे, आठशे, आणि ठिपका एकही नाही. मार्चच्या आधी असं नव्हतं. मार्चनंतर प्रत्येक ड्यूटीला होतं.

"मला वाटलं, कामात असतेस म्हणून लक्ष जात नसेल," ते म्हणाले. "विचारायला गेलो असतो तर बघतो हे कळलं असतं." मग ते थांबले. ठिबकच्या बिघाडाकडे बघतात तसे पडद्याकडे बघू लागले. "रेघेखाली ही बारीक खूण दिसते? तिच्यानंतर ठिपके बंद. तिची वेळ बघ. सात-बारा. सात-तेरा. सात-बारा. कुठलाही ड्यूटीचा दिवस घे. त्या वेळी मी असतो बागेत, आणि तू कुठे असतेस?"

"इंजिनात. यादी चालू असते."

"कसली यादी?"

"गाडी सुटायच्या आधीची. मावशी पुकारते, आम्ही परत म्हणतो."

"म्हण बरं."

त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं नव्हतं. यादी मी झोपेतही म्हणू शकते, तशी म्हटली. ते मोजत होते. पार्किंग ब्रेक, लागलेला. ब्रेक पाइप, पाच किलो. पँटो, वर. हेडलाइट, चालू. हॉर्न, दोन्ही. वाळू, भरलेली. अग्निशामक, चार. शेपटीचा दिवा, चालू. निवांत, कामाची स्थिती, मान्य.

माझं तोंड उघडंच राहिलं.

उरलेल्या दोन गोष्टी मी म्हटल्याच नाहीत. स्वयंपाकघरात भरिताचा वास होता, पंखा फिरत होता आणि माझ्याच आवाजातला तो शेवटचा शब्द माझ्या कानात होता. मार्चपासून रोज मी तो म्हणत आले होते. केस बांधता बांधता, डबा ठेवता ठेवता. मावशीने पुकारलं, मी परत म्हटलं. माझ्या शेजारी बसून नजमानेही म्हटलं, मोठ्याने, खणखणीत. पुकार परत म्हणायची नाही, असं आम्हाला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. ज्याने कुणी ती ओळ यादीत नवव्या जागी घातली त्याला आमची ही सवय पुरेपूर ठाऊक होती.

मी साऱ्या जगावर संशय घेतला होता. डॉक्टरवर, कंपनीवर, भरल्या ताटावरून उठलेल्या नवऱ्यावर. आणि चोराला दार रोज माझीच जीभ उघडून देत होती. मी रडले. गिरीश शेजारी बसून राहिले, पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि मी ठेवा असं म्हटलं नाही. दोघांनाही एकमेकांचं बरंच काही लागलं होतं. जरा वेळाने त्यांनी फोन उचलला, माझ्यासमोर ते पान कायमचं काढून टाकलं आणि फोन माझ्या हातात दिला, खात्री करून घे म्हणून. मी खात्री करून घेतली. स्वभावाला औषध नाही.

कंपनीला मी पत्र लिहिलं. उत्तर गोड आलं. कामाची स्थिती ही सर्वस्वी ऐच्छिक असून पायलटने दर वेळी स्वतःच्या आवाजात ती मान्य केल्याच्या नोंदी उपलब्ध आहेत, असं त्यात होतं. शिवाय मार्गावरच्या गेल्या पाच वर्षांच्या नोंदींत एकाही महिला पायलटने शौचासाठी गाडी थांबवल्याची एकही नोंद नाही, त्यामुळे अडचण होती असं दिसत नाही, असंही होतं. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते खोटं नव्हतं. आमच्या गुरांनी आमचीच वाट अडवली होती.

गिरीशनी ते पत्र वाचलं. मी नोकरी सोडावी असं त्यांच्या मनात होतं, ते मला दिसलं. त्यांनी ते म्हटलं नाही. डबा भरताना मात्र त्यांनी दोन लिटरची पाण्याची बाटली भरून शेजारी ठेवली.

त्या गुरुवारी माझ्या शेजारी नजमाच्या जागी वारके नावाचे सहायक आले. बेचाळीस-त्रेचाळीसचे, सरळ माणूस, मोजकं बोलणारे. मी त्यांना आधी काही सांगितलं नाही. त्यांना गोत्यात आणायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझा त्यांच्यावर विश्वासही नव्हता. चढण्याआधी फलाटाच्या टोकाशी उभी राहून मी अर्धी बाटली पाणी प्यायले.

सात-दहाला मावशी सुरू झाली. पार्किंग ब्रेक, ब्रेक पाइप, पँटो. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. केस घरूनच बांधून आले होते. प्रत्येक पुकार ऐकून, बघून, मग परत म्हणत होते, पहिल्या दिवसांत, शिकाऊ असताना म्हणायचे तशी. शेपटीचा दिवा, चालू. चालू.

"निवांत," मावशी म्हणाली, "कामाची स्थिती, मान्य."

शब्द घशापर्यंत आला. माझी शपथ, तो घशापर्यंत आला. मी दात आवळून धरले.

मावशीने पुन्हा पुकारलं. मग तिसऱ्यांदा. यादी पुढे सरकेना. वारके माझ्याकडे बघू लागले. त्यांना पट्टा नव्हता, ही पुकार त्यांची नव्हती, पण ती परत आली नाही हे त्यांच्या कानाला टोचत होतं. समोर सिग्नल हिरवा झाला होता. मागे अठ्ठावन्न डबे उभे होते.

मी हात पुढे केला, समोरच्या त्या नवव्या ओळीकडे बोट दाखवलं आणि मोठ्याने म्हटलं, "लाल."

"लाल," वारके म्हणाले.

ते त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. त्यांनी स्वतःच दचकून माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या हिरव्या सिग्नलकडे, मग पुन्हा माझ्याकडे. पण दोन आवाज जुळले होते आणि नोंद झाली होती. आता ही गाडी कुणी हलवू शकत नव्हतं. मी त्यांना चार वाक्यांत सगळं सांगितलं, नजमाचंही. त्यांनी ऐकून घेतलं. आपले शब्द मागे घ्यायचा त्यांना हक्क होता. त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि शब्द तसेच राहू दिले.

वायरलेस खरखरला. कंट्रोलचा साहेब विचारत होता की हिरवा असताना दोघांनी लाल कशावरून पुकारलं. यार्डातली आणि मार्गावरची सगळी इंजिनं ऐकत होती. त्यात निदान पाच बायका होत्या, आणि त्यांची यादी आता सुरू व्हायची होती किंवा होऊन गेली होती.

"कारण सांगा," तो म्हणाला.

माझा चेहरा तापला. एकोणीस वर्षांची लाज एका दिवसात जात नाही. गुरं जिभेवर तयार होती.

"पायलटला वाटेत गाडी थांबवून जावं लागेल," मी म्हटलं. "ते कळूच नये अशी पुकार यादीत नवव्या जागी आहे. ती परत म्हणायला माझा नकार आहे. नजमा तडवी रोज परत म्हणत होती. कारण, लघवी."

सांगितलेलं कारण परत म्हटल्याशिवाय साहेबाला नोंद करता येत नव्हती, आणि नोंद केल्याशिवाय पुढे काहीच करता येत नव्हतं.

"कारण," तो म्हणाला, "लघवी."

वारके खिडकीबाहेर बघत होते. मला पोटात खालच्या बाजूला ओळखीची, साधी हाक आली. अर्धी बाटली पाण्याची. मी त्यांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि जाऊन आले. परत येऊन बसले तेव्हा वायरलेसवर मूर्तिजापूरहून एका बाईचा आवाज कंट्रोलला सांगत होता की तिच्या गाडीलाही लाल आहे, आणि कारण तेच.